जीव परत विहिरीत सोडणाऱ्या तीजाबाई

म्हसावदला आमच्या मागच्या अंगणात विहीर आहे. गावात नळ आले तेव्हा बहुतेकांनी आपापल्या विहिरी बुजवल्या नाहीतर त्यांवर मोटारी बसवल्या. माझ्या सासूबाईंनी, तीजाबाईंनी, आमची मात्र उघडीच ठेवायला लावली. पाणी काढायला विहीर हवीच होती, पण त्याहून जास्त हवी होती ती पाणी परत सोडायला.

रोज सकाळी त्या दुहेरी फडक्यातून पाणी गाळत. हे आमच्या जैन घरांत सगळेच करायचे, आता कमी झालं. पण गाळून झाल्यावर त्या फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्याने हलके धूत. धुतलेलं पाणी एका लहान पितळी बादलीत घेत. त्या बादलीच्या बुडालाही एक कडी होती आणि तिला वेगळी दोरी. बादली थेट पाण्यापर्यंत सोडायची आणि मग खालची दोरी ओढून हलकेच कलती करायची, म्हणजे फडक्याला लागलेले बारीक जीव उंचावरून आपटत नाहीत, पाण्यातून पाण्यात जातात. याला जीवाणी म्हणतात. जिथलं पाणी, तिथेच जीवाणी. म्हणूनच नळाचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. "त्यातले जीव कुठून आले, मला काय माहीत? मग सोडू कुठे?" असं त्यांचं म्हणणं.

झाडलोटीला येणारी गजराबाई त्यांची फार चेष्टा करायची. "तीजामाय, एखादा मासा सापडना तं माले देजो!"

"तुले देसू तं पुढला जन्ममा तो माले खाई," बाई म्हणायच्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो.

त्या लग्न होऊन राजस्थानातून आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. सासरे, शांतिलालजी, कापडाच्या दुकानात आणि त्या घरात. बोलायला बाजारातल्या बाया, त्यामुळे पुढे मारवाडी मागे पडली आणि अहिराणीच त्यांची भाषा झाली. मी बी.ए. झालेली सून म्हणून आले, तेव्हा मला वाटलं होतं की या बाईंशी आपलं जमणार नाही. जमलं. त्या रागावत, पण राग दुसऱ्या दिवसावर कधी नेत नसत.

माझ्या प्रियलने बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतली, तेव्हा नातेवाइकांत कुणालाच तो विषय कळला नाही. बी.कॉम. का नाही, दुकानात उपयोग झाला असता, असं सगळे म्हणाले. बाईंनी विचारलं, त्यात काय शिकवतात? डोळ्यांना न दिसणारे जीव, असं प्रियलने सांगितल्यावर त्या खूश झाल्या. "मग ते तं आपलंच काम शे! जाऊ द्या छोरीले."

प्रियल रोज बसने लोणखेड्याला कॉलेजला जायची. आली की आधी दादीजवळ बसायची. आज काय पाहिलं, रंग कसा देतात, कुठले गोल, कुठले काडीसारखे. बाईंना तो दिवसाचा सगळ्यात मोठा विसावा होता.

दुसऱ्या वर्षाला पाण्याचं प्रॅक्टिकल आलं. मुलींनी आपापल्या घरचं पाणी नेलं. प्रियलने दादीच्या गाळलेल्या हंड्यातलं नेलं. काचेच्या चपट्या बशीत, खळीसारख्या घट्ट थरावर ते पाणी पसरलं, आणि एक दिवस उबेत ठेवल्यावर तिथे ठिपके उगवले. पांढरे, पिवळे, एकदोन हिरवट. गाळलेल्या पाण्यातही जीव, यावर बाईंचा विश्वासच बसेना. "मन्हा गायेल पानीमा?"

त्यांना पटावं म्हणून प्रियल ती प्लेट चिकटपट्टीने बंद करून घरी घेऊन आली. प्लेटा प्रयोगशाळेबाहेर न्यायच्या नाहीत, हा तिथला पहिला नियम. तो तिला ठाऊक होता. दादीला दाखवायचं आणि उद्या परत न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

बाईंनी चष्मा लावून ती प्लेट कितीतरी वेळ पाहिली. प्रियलने सांगितलं, एकेका ठिपक्यात लाखो आहेत.

"आते यास्नं काय करशात?"

"उद्या मॅडम कुकरमा टाकतीन, दादी. तीन शिट्ट्या!" प्रियल हसली. मीही हसले. बाई हसल्या नाहीत. प्लेट हातातून खाली ठेवली नाही, एवढंच मला आठवतं.

सकाळी प्रियल ओरडत अंगणात गेली. "दादी, प्लेट कोठे शे?"

धुतलेली प्लेट कट्ट्यावर उन्हात पालथी पडली होती. लखलखीत. बाईंनी तिच्यात पाणी घालून, बोटाने चोळून, सगळं त्या पितळी बादलीतून विहिरीत सोडलं होतं.

"समदा घर गयात," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आणि मी मॅडमले काय दखाडू?"

"सांग, दादीनी सोडी दिधात."

प्रियल चिडली, मग तिलाही हसू आलं. त्या दिवशी बसमध्ये तिने मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली.

बाईंना साखरेचा आजार होता, आणि रोज पाण्यात हात असल्याने उजव्या अंगठ्याला नखुरडं झालेलं होतं. ते अधूनमधून व्हायचं, हळद लावली की बसायचं. या वेळी बसलं नाही. आधी अंगठा सुजला, मग पंजा. ताप चढला तेव्हा शहाद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला आणि आम्हाला सुरतला जायला सांगितलं.

सुरतला प्रियल दादीच्या उशाशी बसून असायची. सलाईनच्या बाटलीकडे बघत बाईंनी एकदा विचारलं, "हाई काय शे?"

"दवाई, दादी."

"ती बी मारस का त्यास्ले?"

प्रियलने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा, दादी."

ज्या बाईने आयुष्यभर फडक्याला लागलेला जीव परत पोचवला, ती आता औषध बंद करा म्हणेल, असं मला वाटून गेलं. बाईंनी डोळे मिटले. "मग मारू दे," त्या म्हणाल्या. "माले घर जानं शे."

औषधं बदलली, पुन्हा बदलली. पुवातला जिवाणू कुठल्याच औषधाला जुमानत नव्हता. बाई घरी आल्या, पण गाडीतून, पांढऱ्या चादरीत.

सगळे पाहुणे गेल्यावर प्रियल मला म्हणाली, "मम्मी, तो पाण्यात राहणारा जिवाणू होता. नाव मला माहीत आहे. हिरवट वाढतो."

मी म्हणाले, नखुरडं आधीचं होतं. साखर वाढली होती. कुठूनही लागलं असेल.

"कुठूनही म्हणजे तिथूनही," ती म्हणाली.

त्यानंतर ती कॉलेजला गेली नाही. तिला शिकवणाऱ्या ममता मॅडम धडगावकडच्या, वयाने लहान, पण मुलींत त्यांचा दरारा. मी त्यांना फोन करून घरी बोलावलं आणि प्रियल वरून उतरण्याआधीच हात जोडून सांगितलं, "मॅडम, खोटं असलं तरी चालेल, पण त्या प्लेटमुळे झालं नाही असं तिला सांगा."

मॅडम म्हणाल्या, "वहिनी, झालं नसेलही. खरंच. तो जिवाणू नळात, हंड्यात, साबणाच्या डबीतही असतो. पण मला ठाऊक नाही."

"तुम्ही शिकवता. तुम्ही म्हणाल ते ती ऐकेल."

प्रियल खाली आल्यावर त्यांनी तसं सांगितलं. खालमानेने, पण सांगितलं. प्रियलने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, प्लेट असती तर तिच्यातला आणि दादीच्या पुवातला जिवाणू ताडून बघता आला असता ना?"

"हो."

"आणि प्लेट धुतली गेली."

"हो."

"मग तुम्ही नाही कसं म्हणता? मी वर्गात असं म्हटलं असतं, तर तुम्ही मला खाली बसवलं असतं."

मॅडम उठल्या. दारापर्यंत मी गेले, तर त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो. तेच वाईट झालं." आणि डोळे पुसत गाडीत बसल्या.

परवा प्रॅक्टिकलची परीक्षा होती. आम्ही कुणीच आग्रह केला नव्हता, तरी प्रियल स्वतःहून ॲप्रन घेऊन निघाली. मला इतका आनंद झाला की मी शिरा करायला घेतला. दुपारच्याच बसने ती परत आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"प्रत्येकीला एकेक प्लेट दिली होती, मम्मी. कुठला जिवाणू ते ओळखायचं."

"मग?"

"झाकण उघडायच्या आधीच ओळखला मी. हिरवा होता."

"आणि?"

"नाव लिहिलं नाही. कोरा पेपर दिला आणि आले."

तिचे पप्पा म्हणतात, विषय बदलू दे, वर्ष गेलं तर गेलं. त्यांच्या बहिणीने एक स्थळही सुचवलंय. मी सगळ्यांना थांबा म्हणते आहे. कशासाठी थांबायचं, ते मला सांगता येत नाही. बाई असत्या तर त्यांनी दोन शब्दांत तिला उठवलं असतं. पण त्या असत्या, तर उठवायची वेळच आली नसती.

शिरा तसाच राहिला. तिने एक घास घेतला, तोही माझ्याकरता.