तिथीचं वेळापत्रक

उरणच्या रस्त्याने कंटेनरच्या रांगा ओलांडल्या की डाव्या हाताला आमची शाळा लागते. तीन मजले, प्रयोगशाळा, सायकलींसाठी पत्र्याची शेड. मागच्या खेपेला मी ती गाडीतून दाखवली, तेव्हा तुम्ही फोनमधून मान वर करून "नाइस" म्हणालात. ती कशी उभी राहिली, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते आहे.

तुमचे आजोबा बंदराच्या कामावर रुजू झाले आणि आम्ही नेरूळला राहायला आलो. आज शाळा आहे त्या खाडीकाठच्या गावात तेव्हा शाळा सातवीपर्यंतच होती. गावकऱ्यांनी देवळाचा सभामंडप देऊन आठवी-नववी सुरू केली आणि इंग्रजीसाठी मला बोलावलं. वर्षभरात मुख्याध्यापिकेची खुर्चीही माझ्याकडे आली.

दहावीला मान्यता मिळायची होती. त्यासाठी शिक्षण खात्याचे साहेब येऊन हजेरी पाहणार होते. ती पटली नाही तर नववीही बंद झाली असती. मुलगे एसटीने उरणला गेले असते. मुली घरी बसल्या असत्या.

आणि नेमकी मुलींचीच हजेरी खराब होती. शाळा सकाळी साडेसातला भरे. काही दिवस सगळ्या हजर, मग एकदम पाच दिवस बाकं रिकामी. मी तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या, तारखा जुळवून पाहिल्या. काही मेळ लागेना. शेवटी घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या, की यापुढे गैरहजर मुलीचं नाव कमी होईल.

दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीची आई तिसऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांची पाटी घेऊन दारात उभी राहिली.

"बाय, तुमचे घड्यालान खाडी नाय," ती म्हणाली.

मग पाटी उतरवून तिने मला समजावलं. अमावास्या-पुनवेनंतर चार-पाच दिवस सकाळी पाणी लांब हटतं. पोरींनी तेव्हा चिखलात उतरून तिसऱ्या काढल्या, तरच घर चालतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं हटत नाही, पोरी मोकळ्या. वेळेसाठी तिला घड्याळ लागत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी.

मी सगळं इंग्रजी तारखांनी पाहत होते. त्या संध्याकाळी पंचांग घेऊन बसले, तर प्रत्येक तांबडी खूण तिच्या तिथीवर बसली.

नवं वेळापत्रक केलं. प्रतिपदा ते पंचमी शाळा दुपारी साडेबाराला, एरवी सकाळी. इतर शिक्षकांनी मला पंचांगवाल्या बाई म्हणून चिडवून घेतलं. पण बाकं भरू लागली.

तपासणीचं पत्र आलं ते नेमकं चतुर्थीच्या सकाळचं. मी वेळ बदलून मागितली. माझं पत्र पोचलंच नाही. साहेब आठला हजर, आणि सभामंडपात मी एकटी.

"बाई, शाळा कुठे आहे?"

"खाडीत आहे. साडेबाराला येईल."

मला वाटलं, ते जीपमध्ये बसून निघून जातील. मी हजेरीपट आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवलं, चहा मागवला आणि त्यांना पाऊणकी समजावली. ते थांबले, पण मुली आल्या नाहीत तर अहवालात तसंच लिहीन, असंही बजावलं.

बाराच्या सुमाराला पहिली मुलगी आली. वेणी ओली, घोट्यावर चिखल तसाच. मग दोघी, मग घोळकाच. साहेबांनी स्वतः नावं पुकारली. एकही गैरहजर नव्हती. तिसऱ्यांची पाटी घेऊन आलेल्या त्या आईच्या लेकीला त्यांनी विचारलं, सप्तमीला भरती किती वाजता?

"सव्वापाच," ती म्हणाली. "पन तवा शाला सकालची हाय, सर."

साहेब हसले. दहावीला मान्यता मिळाली.

बोर्डाची परीक्षा मात्र घड्याळाने चालते. पहिल्या पेपरच्या दिवशी तीज होती. केंद्र उरणला, म्हणून सकाळीच सगळ्या मुलींना घेऊन मी एसटीत बसले. बस खाडीवरून गेली तेव्हा खाली पाणी लांब हटलेलं होतं आणि चिखलात वाकलेल्या बायकांची रांग दिसत होती. मुलींच्या वाट्याचं काम त्या दिवशी आयांनी उचललं होतं. त्यांतल्या एकीने पाठ सरळ केली आणि बसकडे पाहून हात वर केला.