अंगठ्याखालची ओळ

विद्यापीठातल्या त्या मॅडम माझ्याकडून शेंगाचटणी न्यायच्या, पण घरचा डबा घेऊन. रद्दीच्या पुडीत नको म्हणायच्या. उभ्या राहिल्या की सारखी पायांची चुळबूळ आणि नजर माझ्या रद्दीवर. संगणकात साठवलेली माणसांची माहिती खरंच गुप्त राहते का, ते त्या गणितानं शोधतात म्हणे.

एकदा त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद ओढला. कसल्याशा आरोग्य पाहणीचा फॉर्म होता, नावावर काळी शाई फासलेली.

मी हसले. "नावच न्हाय, मग कुणाचा हाय ते काय कळतंय?"

त्या वाचायला लागल्या, "मंगळवेढा तालुका. वय बावन्न. साठ मेंढ्या, चार मुली. डावा पाय अधू."

"अवो, हे तर आमच्या नणंदेचं मालक की!"

मॅडम हसल्या नाहीत. शेवटची ओळ त्यांनी अंगठ्यानं झाकून धरली होती. "इथं त्यांचा आजार लिहिलाय," एवढंच म्हणाल्या आणि अंगठा न उचलता कागदाची घडी घातली. जाताना सगळा गठ्ठा घेऊन गेल्या.

परवा नणंदेचे मालक आमच्याकडे जेवायला आले. भाकरी वाढताना मी सारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय झालं, वैनी?"