हेडसेटमध्ये मराठी नव्हतंच

मी बेंगळुरूत एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. कितीतरी माणसं माझ्यासमोर गेली, त्यांना स्वच्छ पुसून, कपडे बदलून मी नातेवाइकांच्या ताब्यात दिलंय. पण ना कधी काही दिसलं, ना कुणी हाक मारली. वॉर्डातल्या भुताच्या गोष्टी नव्या मुलींना घाबरवायला असतात, एवढंच माझं मत होतं. म्हणून हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

आम्ही मूळचे निपाणीचे. मी राजाजीनगरला राहते, मोठा भाऊ – अण्णा – मारतहळ्ळीला. आई त्याच्याकडे असायची. गेल्या वर्षी तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याच्या घराजवळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. कॉलेज सुटलं की मी रोज जायचे. मग मलाच ताप भरला. अण्णा म्हणाला, येऊ नकोस, तिला इन्फेक्शन होईल. बरोबरच होतं. ताप उतरल्यावर मी निघाले, तर म्हणाला, आज राहू दे, आई बरी आहे, झोपलीय, उद्या निवांत ये. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो आई गेल्याचाच. झोपेत गेली, कळवायला वेळच मिळाला नाही म्हणाला. मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर का नाही ठेवायचा?

यंदा आमच्या कॉलेजने व्हीआर हेडसेट घेतले. डोळ्यांवर लावले की तुम्हीच पेशंट होता, आणि पेशंटला काय वाटतं ते मुलींना कळतं, अशी कल्पना. कंपनीचा रोहन नावाचा मुलगा व्हाइटफील्डहून शिकवायला आला होता. मूळचा नागपूरचा, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायला मिळतंय म्हणून खूश होता.

प्रसंग साधा होता. तुम्ही स्ट्रोक आलेली म्हातारी बाई. फक्त छत दिसतं. हात उचलावासा वाटतो, उचलत नाही. दोन डॉक्टर अंगावरून वाकून इंग्रजीत आपापसात बोलतात. सिस्टर येते, ‘स्वल्प तिरुगी, अम्मा’ म्हणत कुशीवर वळवते आणि जाते. तुमच्या डोळ्यांत कुणीच बघत नाही. एक विद्यार्थिनी हेडसेट काढून रडायलाच लागली. म्हणाली, मॅडम, मी तिथे आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

शेवटी मी बसले. भर दुपार, लॅब मुलींनी भरलेली. सिस्टर निघून गेली. तिथे ते संपायला हवं होतं... पण संपलं नाही. छत तसंच दिसत राहिलं. मग डाव्या कानाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी मराठीत बोलायला लागलं.

अण्णा.

“आई, दाराकडे बघू नकोस गं. वैशूला फोन केला होता मी. सुट्टी नाही म्हणाली. ती येणार नाही.”

वैशू म्हणजे मी. अण्णा, मी आलेय, असं ओरडायचं होतं. तोंड उघडेना. जीभ जड झाली होती...

रोहनने हेडसेट काढला तेव्हा माझा चेहरा ओला होता. तो म्हणाला, मॅडम, केव्हाच संपलंय, तुम्ही नुसत्याच बसून होतात. मराठी कुठून आलं, मी विचारलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला. माझ्यासमोर त्याने सगळा आवाज पुन्हा लावून दाखवला. इंग्रजी आणि कन्नड, बाकी काही नाही. मी परत हेडसेट लावून पाहिला. सिस्टर गेली आणि संपलं.

रविवारी मारतहळ्ळीला गेले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी अण्णासमोर बसले आणि ते बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. भलतंच काय बोलतेस, असं तो म्हणेल याची मी वाट बघत होते. मनापासून बघत होते. तो पांढराफटक पडला.

“तुला कुणी सांगितलं? खोलीत मी एकटाच होतो.”

मग त्याने सगळं सांगितलं. त्या शेवटच्या संध्याकाळी डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं होतं, आणि त्याने नको म्हटलं होतं. त्याला वाटलं, मी आले असते तर नर्सच्या हट्टाने मशीन लावायला लावलं असतं, आणि तिचे हाल त्याला बघवत नव्हते. आईची नजर मात्र दारावरून हलेना. तिने आशा सोडावी म्हणून तो तसं बोलला.

“मग सोडली का?” मी विचारलं.

“तिने तोंड भिंतीकडे फिरवलं,” तो म्हणाला.

मी चहा न घेता निघाले. मशीन नको, हे कदाचित मीही म्हटलं असतं. त्याने विचारलंच नाही. आणि माझ्या नावाने आईशी खोटं बोलला, तेही ती उलट विचारू शकत नसताना. आता त्याचे फोन येतात. मी उचलत नाही.

रोहन म्हणतो, मनाचे खेळ असतात. असतीलही. पण माझ्या मनाला ते शब्द मिळाले कुठून? मला याचा उलगडा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. मी एवढंच धरून बसलेय – ज्या अर्थी आईने मला ते ऐकवलं, त्या अर्थी ते खोटं होतं हे तिला कळलं असावं. एखाद्या दिवशी हे पटतं. एरवी फक्त ती भिंत दिसते.