पहिला पाट सेंटरचा

“अरे, तिथं सेंटरवाल्यांना बसवा! पहिला पाट सेंटरचा!” सासरे ओसरीवरून ओरडले, तेव्हा त्या पाटावर मी अर्धा बसलेला होतो. गुडघे दुमडलेले, एक हात जमिनीला टेकलेला आणि बाकीचा देह वाटेत. अख्खी भावकी बघत होती. निफाडपासून वणीपर्यंत पसरलेल्या माझ्या सासरच्या गोतावळ्यात मला त्या अवस्थेत न पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. मी उठलो. उठताना पाट जरा सरळ केला, म्हणजे लोकांना वाटावं की मी तेवढ्यासाठीच वाकलो होतो.

धोंड्याचा महिना होता. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळून अनारशांचं वाण द्यायचं. त्या दिवसापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू. पण विष्णू दोन असले की पहिला पाट थोरलीच्या नवऱ्याचा, हा घरोघरचा कायदा. थोरली माझी. धाकटी साडूची. मी पाटबंधारे खात्यात, म्हणजे राज्य सरकारचा कारकून. साडू केंद्राच्या एका कचेरीत, तोही कारकूनच. तेच टेबल, तोच पंखा, त्याच फायली. फरक एवढाच की त्याच्या पंख्याला दिल्लीची हवा लागत होती.

आणि त्या हवेनं माझ्या पोटात जे पेटलं होतं ना, त्यावर सातपूरच्या कारखान्यातली एक भट्टी तिन्ही पाळ्यांत चालली असती. महागाई वाढायची दोघांना एकाच दिवशी. भत्ता मात्र त्याला आधी. आमच्याकडे तोच भत्ता मुंबईत ‘तत्त्वतः मान्य’ होऊन लोळत पडायचा. वेतन आयोग त्याला लागला तेव्हा माझा मुलगा रांगत होता. आम्हाला लागला तेव्हा तो दाढी करत होता म्हटलं तरी कुणी खोटं म्हणणार नाही. साडूच्या कॉलनीतल्या भिंतींना दर दिवाळीला रंग. आमच्या क्वार्टरच्या भिंतींना रंग म्हणजे ओल. बायको त्यांच्याकडून परत आली की चप्पल काढायच्या आधी आमच्या छताकडे बघायची.

तर पहिल्या पाटावर केंद्र बसलं, दुसऱ्यावर राज्य. पहिला धोंडा त्याच्या ताटात पडला, तूपही आधी त्याला. धार माझ्यापर्यंत येईतो तिचे थेंब झाले होते.

साडूनं घास घेत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय दादा, तुमचा भत्ता आला का?”

“येईल की.”

“येईल येईल. आमचा आला की तुमचा येतोच. दिल्लीनं ठरवायचं, राज्यानं मागनं यायचं.”

भावकी हसली. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. “साडूभाऊ, हे ज्या भांड्यातनं पाणी पिताय ना, ते पाणी कुणाच्या यादीत आहे? घटनेत लिहिलंय, पाणी राज्याचं! दिल्लीला चूळ भरायची म्हटली तरी आम्हाला विचारावं लागतं.”

“नदी दोन राज्यांतनं गेली की केंद्राचा हात येतो तिच्यावर,” तो म्हणाला. “गोदावरी कुठं जाते? आंध्रात.”

“आंध्रात जाईल तेव्हा जाईल! निफाडपर्यंत तर ती आमचीच बाई आहे!”

पंगत खदखदून हसली. मला चेव आला. सासऱ्यांकडे वळून म्हटलं, “मामा, कालवा कोरडा आहे ना? शुक्रवारी पाणी सोडतो. धरणाची चावी माझ्या टेबलावर असते.”

माझ्या टेबलावर लोकांच्या रजेचे अर्ज असायचे. पण शुक्रवारी आवर्तन सुटणार, हे मी शेजारच्या शाखेत चहा पिताना ऐकलं होतं, आणि ऐकलेलं पाणीही पाणीच असतं. पंगतीचा नूर पालटला. “मोठं पाव्हणं, आमच्या चारीलाबी येईल का वं?” “पाव्हणं, शेवटच्या टोकाला लय हाल हायती, जरा जास्ती सोडा.” मी मान डोलावून वाटप करत गेलो, तिथल्या तिथं दोन गोदावऱ्या संपवल्या असतील. साडूच्या ताटात धोंडा तसाच गार होत होता. इतकं गोड पुरण मी आयुष्यात खाल्लं नाही.

मग सासूबाई ओवाळायला निरांजन घेऊन आल्या. सरळ माझ्याकडेच निघाल्या होत्या बिचाऱ्या. ओसरीवरून पुन्हा आवाज आला, “आधी सेंटर!”

शुक्रवारी कालव्याला खरंच पाणी आलं. रविवारी मी निफाड गाठलं. म्हटलं, आज हिशेब मागायचाच. सासरे द्राक्षबागेच्या कडेला फावड्यानं पाणी वळवत होते.

“मामा, पाणी कुणी आणलं?”

“तुमी.”

“थोरला जावई कोण?”

“तुमी.”

“अडल्यानडल्याला, दवाखान्याला, लग्नकार्याला धावून कोण येतं?”

“तुमीच की.”

“मग पहिला पाट त्याला का? भर पंगतीत? तो केंद्राचा म्हणून?”

त्यांनी फावडं मारून बांध फोडला, पाणी पुढच्या ओळीत गेलेलं बघितलं आणि वर न बघता म्हणाले, “त्यांचं सरकार त्यांना पार आसामात धाडील, धाकटी जाईल संगं. मान ठेवला तर इथंच ऱ्हायची खटपट तरी करतील. तुमचं सरकार तुमाला कुठं धाडनार? वणीला.”