आबांच्या बोर्डावरचं नाव

आबा हिशेब तपासायला निघाले की एका हातात कातडी बॅग आणि दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या असायचा. क्लायंटच्या पेढीवर त्यांनी कधी घोटभर पाणी घेतलं नाही. चहा पुढं आलाच तर आठ आणे बशीत ठेवून कप न पिता परत सरकवत. "पाणी प्यालं की सही पातळ होते," म्हणायचे. शेठ लोक हसत, आणि हसून झालं की जरा सावरून बसत.

मी दुसऱ्या फटक्यात सी.ए. झालो आणि जळगावात आबांच्या ऑफिसात लागलो. यावलच्या केळीवाल्याचा मुलगा, मागं ना ओळख ना पैसा. आबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोन वर्षं टिकलास तर बोर्डावर माझ्या नावाखाली तुझं नाव." त्या एका वाक्यावर मी जगत होतो. जिना चढताना रोज बोर्डावरच्या मोकळ्या जागेकडं बघायचो.

तेव्हा बहुतेक पेढ्यांचं वर्ष दिवाळीला संपे. पाडव्यानंतर आबांनी मला चाळीसगावच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी मोजायला पाठवलं. एकट्यानं मोजायचं माझं पहिलंच काम. मी दोन थप्प्या मोजल्या, तोवर मालकाच्या मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला लागली होती. खानदेशी माणसाला भरिताचं आवतन नाकारता येत नाही, आणि मी कोण लागून गेलो? वर पुऱ्या, वर ताक. उरलेल्या थप्प्यांचे आकडे मी मॅनेजरच्या यादीवरून उतरवले आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस कामासाठी जळगावला आला, तो सोबत भरिताचा डबा घेऊन. "साहेबांनी काल आवडीनं खाल्लं, म्हणून शेठनं पाठवलं." आबांनी डबा उघडला, वास घेतला आणि सगळ्या ऑफिसदेखत माझ्या टेबलावर ठेवला. चिडले की ते त्यांच्या धुळ्याकडच्या अहिराणीवर येत. "बठ्ठं खाई लिधं ना? आते बठ्ठं मोज." बठ्ठं म्हणजे सगळं. मग शुद्ध मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "हमालांना आधी सांगायचं, काल मी जेवत बसलो होतो, म्हणून आज पुन्हा मोजतोय. नाही सांगितलंस तर मला कळेल."

चाळीसगावला परत जाऊन मी सांगितलं. हमाल माझ्याकडं बघून हसले. गाठी एकूण एक बरोबर निघाल्या. मी धावतपळत परत आलो आणि आबांना म्हणालो, "यादी बरोबर होती." ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "ते मालकाचं इमान. तुझं कुठं मोजायचं?" त्यानंतर तीन महिने मला एकही काम मिळालं नाही. मी रोज दहा ते सहा रिकाम्या टेबलाशी बसायचो आणि शिपाई रामदाससुद्धा माझ्याशी बोलताना आधी केबिनकडं बघायचा.

शेवटी माझी चूक आणि हे हाल मी वडिलांना, आमच्या नानांना, पत्रानं कळवले. तिसऱ्या दिवशी नाना केळीचा घड खांद्यावर घेऊन जिना चढून आले. आबांच्या समोर घड ठेवला आणि म्हणाले, "लेकरू चुकलं. पदरात घ्या." आबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. रामदासला खालच्या किराणा दुकानातून तराजू आणायला लावला, घड तोलला आणि मला म्हणाले, "व्हाउचर लिही. केळी खरेदी, साडेतेरा रुपये. वीसच्या आत आहे, रेव्हेन्यू तिकीट लागत नाही." माझ्या बापाच्या भेटीचं व्हाउचर मी माझ्या हातानं लिहिलं. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

नानांनी उभ्या उभ्या वाचलं. "भाव कालचा लावला तुमी. आज उतरला. साडेबाराच द्या." मी आकडा खोडून पुन्हा लिहिला. नानांनी एकेक अक्षर जुळवत सही केली आणि पैसे मोजून घेतले.

वाटलं होतं, जिन्याखाली गेल्यावर नाना शिव्या देतील, बॅग भर म्हणतील. ते म्हणाले, "मानूस खरा हाये. तू अठीच राह्य." मला आबांचा राग आला आणि, सांगायला लाज वाटते, नानांचाही आला.

राहिलो. मग काम मिळालं, हाताला वळणही लागलं. तांब्या मीही घेतला. दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी केबिनमध्ये जाऊन बोर्डाचा विषय काढला.

आबांनी चष्मा पुसला. "काम चांगलं करतोस. पण घाबरून करतोस. मी डोळे मिटले की तू पुन्हा जेवायला बसशील." मग म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या बापानं माझ्यासमोर भाव खाली करून घेतला, तू टेबलाकडं बघत होतास. बोर्डावर घालायचंच तर त्यांचं नाव घालीन."

पुढच्या महिन्यात मी धुळ्याला स्वतःचं ऑफिस काढलं. चाललं, बरं चाललं. आबांना पुन्हा भेटलो नाही.

ते गेल्याचा फोन मला धुळ्यात सकाळीच आला होता. दोन तासांचा रस्ता. मी गेलो नाही. रिटर्न भरायची मुदत होती असं सांगत आलो, ते खोटं आहे. नाना तेव्हा सत्तरीला टेकले होते. ते मिळेल त्या गाडीनं यावलहून निघाले आणि वेळेत पोचले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. खांदा द्यायला ते पुढं होते, असं वर्षभरानं रामदास भेटला तेव्हा कळलं.