सरांच्या खात्याची चाळणी

कॉलेजचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. भौतिकशास्त्राचे जोशी सर नको त्या जाहिरातींना फार कंटाळले होते, म्हणून गेल्या वर्षी फक्त त्यांच्या खात्यापुरती स्पॅमची चाळणी मी अगदी बारीक करून दिली. सर खूश झाले होते.

परवा ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "माझा धाकटा भाऊ गेला. आमचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याची बायको म्हणते, त्यानं मला मेल केले होते. मला तर एकही मिळाला नाही."

मी त्यांचा स्पॅमचा फोल्डर उघडला. सहलींच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींमध्ये भावाचे तीन मेल न उघडलेले पडून होते. शेवटच्यात एवढंच होतं : 'दादा, भांडण पुरे झालं. एकदा भेटायला ये.'

सर त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवत राहिले. नको ते ओळखायला आपण यंत्राला शिकवतो. पण हवं ते आपल्याला तरी वेळेवर कुठं ओळखता येतं?

"चूक माझी आहे, सर," मी म्हणालो.

"नाही हो," ते म्हणाले, "फोन तर माझ्याकडेही होता."