न्यूट्रलचा खटका

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर गेवराईच्या भानामामांचे. त्या उपकारांची सुरुवात कानफटात बसलेल्या एका थपडेने झाली.

मामा हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. ते आधी मारायचे आणि मग कारण सांगायचे. समोर ट्रकवाला असो की पंचायत समितीचा सदस्य, हात सारखाच. "सांगितलेलं ध्यानात राहत न्हाई, मारलेलं राहतं," असं म्हणायचे. तरी शेडबाहेर गाड्यांची रांग असायची.

मी तेव्हा माजलगावच्या एका पुढाऱ्याची ऑटोमॅटिक गाडी चालवायचो आणि बाहेरून बी.ए. करायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. एके दिवशी लिव्हर पार्किंगवर असली की गाडी चालू होईना. न्यूट्रलवर टाकली की व्हायची. मामांना दाखवायला म्हणून मी ब्रेक न दाबताच चावी फिरवली. ते बॉनेटपुढे उभे होते. वळसा घालून आले आणि खिडकीतूनच थप्पड दिली.

"पुढं माणूस हुभा हाय, अन् तुझा पाय कुठं हाय, कालेज?"

तेव्हापासून माझं नाव कालेज पडलं. मग त्यांनी मला गाडीखाली घेतलं आणि गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेला न्यूट्रल स्विच दाखवला. ते त्याला खटका म्हणत. "गाडीला अक्कल न्हाई, म्हणून हा दिलाय. लिव्हर पार्किंगला न्हाईतर न्यूट्रलला असली तरच हा स्टार्टरला करंट सोडतो." त्यांनी काळी पडलेली पिन घासली, दोन बोल्ट ढिले करून खटका केसभर सरकवला आणि पुन्हा आवळला. मग हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून मला प्रत्येक गिअरला चावी फिरवायला लावली. रिव्हर्सला गाडी गप्प. ड्राइव्हला गप्प. "गाडी चालू झाली न्हाई म्हणून खूश व्हायचं, असं हे एकच काम हाय," मामा म्हणाले.

दर दोन-तीन महिन्यांनी ते ही परीक्षा घ्यायचे. माझ्या कॉलेजच्या परीक्षेचीही चौकशी असायची. एकदा ड्युटीपायी पेपर बुडवला, तर पाठीत पाना बसला.

पुढच्या उन्हाळ्यात खटका पुरता गेला. नवा यायला दोन दिवस लागणार होते. पुढाऱ्याचा पुतण्या, ज्याला सगळे दादा म्हणत, दोन माणसं घेऊन शेडमध्ये आला.

"खटका काढ, तारा डायरेक्ट कर."

"न्हाई करीत. दोन दिवस थांबा."

"कावून? लई शाना झाला का बे?"

"एकाची केलती डायरेक्ट. गिअरमदी चालू झाली. माझा भाऊ गेला, ह्याच भिंतीपाशी."

दादाने चाकाचा पाना उचलला. मामांच्या उजव्या मनगटावर तो बसला तेव्हा ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. मामा खाली पडल्यावर दोघांनी बरगड्यांत लाथा घातल्या. तेलकट मातीत रक्त आणि एक दात पडला. मी स्टिअरिंग धरून गाडीत बसून होतो. काचा वर होत्या.

त्यांनी गाडी ओढत दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. तिथे माझ्यादेखत खटक्याच्या दोन तारा पिळून एक केल्या.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. मामांनी डाव्या हाताने थोबाडीत दिली. "मला वाचवलं न्हाईस म्हणून न्हाई मारलं. ती गाडी अजून तुझ्याकडं हाय म्हणून मारलं. माणूस मेला तर नाव तुझं लागंल, त्याचं न्हाई. आजच चावी देऊन ये."

मी चावी दिली आणि परीक्षेला बसलो. पास झालो. बीडला कारकून म्हणून लागलो.

दोन वर्षांनी दादाच्याच बंगल्याच्या फाटकात ती गाडी बंद पडली. दादाने लिव्हर ड्राइव्हलाच ठेवून, रेस दाबून चावी फिरवली. फाटक उघडणारा वॉचमन खांबाशी चिरडला आणि जागीच गेला. गाडी ड्रायव्हर चालवत होता, असं दादाने सांगितलं. गुन्हा त्या ड्रायव्हरवर लागला. माझ्या जागी आलेल्या पोरावर.

मामांचं मनगट वाकडंच जुळलं. त्या हाताने आता टेस्टर धरवत नाही. परवा मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

"भानामामांस नमस्कार.

त्या ड्रायव्हरच्या वकिलाला भेटलो. तारा पिळल्या तेव्हा मी तिथे होतो, आणि तुमचा हात मोडला तेव्हाही मी गाडीत बसून होतो, हे दोन्ही लिहून सही केली.

काल दादाची माणसं घरी आली. दार फोडलं, वडिलांना ढकललं. मी बाहेर आलो. ह्या वेळी मध्ये काच नव्हती. माझे दोन दात गेले. सही मागे घेतलेली नाही.

सोमवारी कोर्टात उभा राहीन. आई म्हणते, मामांना बोलावू नकोस, त्यांनी खूप भोगलंय. मी म्हणतो, या. पुढे बसा. बोलताना माझी जीभ अडली, तर डाव्या हाताने एक ठेवून द्या.

तुमचा,
कालेज"